रोज घरात किती साखर लागते? जास्त साखरेचे शरीरावर होणारे परिणाम आणि किराण्याच्या यादीवरून करायचा सोपा हिशेब

पाहुणा दारात आला की आधी पाणी आणि मागोमाग चहा. ग्रामपंचायतीत गेलं तरी चहा, दूध संकलन केंद्रावर चहा, बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलं की हॉटेलात चहा. चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं, असं आजही गावागावांत मानलं जातं. यात वाईट काहीच नाही. पण प्रत्येक कपात दोन-दोन चमचे साखर असते आणि दिवस मावळेपर्यंत ती किती झाली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

पूर्वी 'शुगर' हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा आजार समजला जायचा. आता तसं राहिलेलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या 'इंडियाब' या पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. ग्रामीण भागात मधुमेहाचं प्रमाण ८.९ टक्के, तर शहरात १६.४ टक्के आढळलं. मात्र उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण खेड्यात १५.२ आणि शहरात १५.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच आहे. याचा अर्थ, आज वेळीच सावध झालं नाही तर उद्या गाव आणि शहर यांत फरक राहणार नाही.

साखर हे या आजारामागचं एकमेव कारण नाही. पण रोजच्या रोज आपल्या हातात असलेलं कारण नक्कीच आहे. म्हणून साखरेबद्दलची नेमकी माहिती इथे एकत्र दिली आहे.

पांढरी साखर म्हणजे नेमकं काय?

ऊस गाळून रस काढतात. तो तापवून त्यात चुना घालतात, गंधकाचा धूर देऊन रस स्वच्छ करतात, मग आटवतात. दाणे धरले की मळी वेगळी केली जाते आणि पांढरे दाणे पोत्यात भरले जातात. या सगळ्या प्रवासात उसातला चोथा गेला, पाणी गेलं, क्षार गेले. उरला तो फक्त गोडवा. साखरेत जीवनसत्त्व नाही, प्रथिन नाही, चोथा नाही. एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी, एवढाच तिचा उपयोग.

ऊस पट्ट्यातल्या शेतकऱ्याला 'उतारा' हा शब्द समजावून सांगायला नको. १०० किलो उसापासून साधारण १० ते ११ किलो साखर निघते. म्हणजे ५० ग्रॅम साखर खाणं हे जवळपास अर्धा किलो ऊस खाण्यासारखं आहे. अर्धा किलो ऊस दाताने सोलून, चावून खायला वेळ लागतो, जबडा दुखतो, पोट भरल्यासारखं वाटतं. तीच साखर पाच कप चहातून पोटात जाते आणि कळतही नाही.

किती साखर चालते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. दिवसभरात अन्नातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा साखरेतून यावी. ती ५ टक्क्यांच्या खाली ठेवली तर आणखी चांगलं, असं त्यात म्हटलं आहे. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी याचा हिशेब असा:

• वरची मर्यादा: दिवसाला ५० ग्रॅम, म्हणजे साधारण १० सपाट चमचे
• चांगलं प्रमाण: दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे साधारण ५ ते ६ सपाट चमचे

लहान मुलांना कॅलरी कमी लागतात, त्यामुळे त्यांची मर्यादाही कमी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वरून साखर देऊच नये.

या मोजणीत फक्त डब्यातली साखर धरायची नाही. गूळ, काकवी, मध, थंड पेयं, फळांचा गाळलेला रस, मिठाई, बिस्किटं या सगळ्यातली साखर त्यात येते. अख्खं फळ आणि साधं दूध यांतला नैसर्गिक गोडवा मात्र यात धरत नाहीत.

किराण्याच्या यादीवरून हिशेब

चहा पातेल्यात उकळतो, साखर मुठीने किंवा वाटीने पडते. मग चमचे मोजणार कसे? त्याला सोपा मार्ग आहे. घरात महिन्याला किती साखर आणि गूळ लागतो, ते बघा.

• दिवसाला २५ ग्रॅम म्हणजे एका माणसाला महिन्याला ७५० ग्रॅम, पाऊण किलो.
• दिवसाला ५० ग्रॅम म्हणजे एका माणसाला महिन्याला दीड किलो.

घरात पाच माणसं असतील तर महिन्याला साखर आणि गूळ मिळून पावणेचार किलोच्या आसपास असावं. साडेसात किलोच्या वर जात असेल तर धोक्याची घंटा समजावी. आणि यात बाहेरचा चहा, बिस्किटं, लग्नकार्यातलं जेवण धरलेलंच नाही. घरात लहान मुलं असतील तर हा आकडा आणखी खाली यायला हवा. सणाचा किंवा घरी कार्य असलेला महिना सोडून एखाद्या साध्या महिन्याचा हिशेब केला तर खरं चित्र कळतं.

कारखान्याची सभासद साखर सवलतीत मिळते, तेव्हा दोन-तीन पोती एकदम घरात येतात. कणगी भरलेली असली की हातही सैल सुटतो. अशा घरांनी महिन्याची साखर वेगळ्या डब्यात काढून ठेवावी आणि तो डबा महिनाभर पुरवावा. हिशेब आपोआप लागतो.

कशात किती साखर?

खालचे आकडे साधारण आहेत. कंपनीनुसार, चमच्यानुसार थोडा फरक पडतो.

• एक कप चहा, दोन सपाट चमचे: १० ग्रॅम. चमचा शिगोशीग भरला तर त्याहून जास्त.
• कोला प्रकारचं थंड पेय, २५० मिलीची बाटली: २५ ते २७ ग्रॅम
• उसाचा रस, एक मोठा ग्लास: बर्फ कमी असेल तर २५ ते ३० ग्रॅम किंवा त्याहून जास्त
• ग्लुकोज बिस्किटं: वजनाच्या जवळपास पाव हिस्सा साखर. ५० ग्रॅमच्या पुड्यात साधारण १२ ग्रॅम
• टोमॅटो सॉस, एक मोठा चमचा: ३ ते ४ ग्रॅम

आता एखाद्या घरातल्या कर्त्या माणसाचा दिवस बघू. सकाळी उठल्यावर एक कप, न्याहारीला एक, दुपारी शेतावर एक, संध्याकाळी दोन. झाले पाच कप, म्हणजे ५० ग्रॅम. नुसत्या चहातच वरची मर्यादा संपली. सोबत बिस्किटाचा पुडा, बाजारात घेतलेली थंड पेयाची बाटली धरली तर आकडा ९० ग्रॅमच्या जवळ जातो. आणि या माणसाला विचारलं तर तो म्हणणार, "आपण गोड खातच नाही."

शरीरात काय होतं?

साखरेचा एक कण म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. पोटात गेल्यावर हे दोन्ही सुटे होतात.

ग्लुकोज रक्तात जातं. रक्तातली साखर वाढली की पोटातलं स्वादुपिंड इन्सुलिन नावाचं संप्रेरक सोडतं. इन्सुलिन हे किल्लीसारखं काम करतं. ते पेशींची दारं उघडतं आणि साखर आत जाते. वारंवार जास्त साखर येत राहिली, वजन वाढलं, पोटावर चरबी साठली की ही किल्ली नीट लागत नाही. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. काही वर्षांनी ते थकतं आणि साखर रक्तातच राहू लागते. हाच दुसऱ्या प्रकारचा मधुमेह.

फ्रुक्टोजचा बहुतेक भाग यकृतात जातो. कष्ट करणाऱ्या शरीरात थोडंफार आलं तर ते वापरलं जातं. पण रोज जास्त येत राहिलं तर यकृत त्याची चरबी करतं. ती चरबी यकृतातच साठते, काही रक्तात जाते. त्यातून पुढचे त्रास सुरू होतात.

जास्त साखरेमुळे होणारे मुख्य त्रास

१. वजन आणि पोटाचा घेर. गोड पेयांनी पोट भरल्याची जाणीव होत नाही. भाकरी खाल्ली की माणूस थांबतो, पण दोन कप चहा प्यायला म्हणून जेवताना कोणी अर्धी भाकरी कमी खात नाही. त्या कॅलरी वरच्यावर जमा होतात.

२. मधुमेह. रोज गोड पेयं पिणाऱ्यांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका जास्त असतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल, कमरेचा घेर जास्त असेल, शरीराची हालचाल कमी असेल तर धोका आणखी वाढतो.

३. फॅटी लिव्हर. सोनोग्राफीच्या कागदावर हा शब्द आता सर्रास दिसतो. दारूचा थेंबही न घेणाऱ्याच्या यकृतावर चरबी चढू शकते. सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. दुर्लक्ष केलं तर काहींच्या यकृताला सूज येते आणि पुढे ते कायमचं खराब होऊ शकतं. वजन आणि गोड कमी केलं तर सुरुवातीच्या टप्प्यातली चरबी उतरते, ही दिलासा देणारी गोष्ट.

४. हृदय आणि रक्तवाहिन्या. जास्त साखरेने रक्तातलं ट्रायग्लिसराइड वाढतं. वजन, रक्तदाब आणि मधुमेह हे सोबत आले की हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

५. सांधेदुखीचा एक प्रकार. फ्रुक्टोजमुळे रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं. ज्यांना पायाचा अंगठा अचानक लाल होऊन ठणकतो, म्हणजे 'गाऊट' आहे, त्यांनी गोड पेयं टाळलेली बरी.

६. दात किडणं. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचं वरचं कठीण आवरण झिजवतं. किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दातांसाठी जास्त महत्त्वाचं. दिवसभर चॉकलेट, गोळ्या चघळणाऱ्या मुलांचे दुधाचे दात म्हणूनच काळे पडतात. 'पडणारच आहेत ते दात' म्हणून सोडून देऊ नये. किडलेल्या दाताने मूल नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही. रात्री झोपताना गोड दूध पाजून तसंच झोपवणं टाळावं आणि फ्लोराइडच्या टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. मिश्रीने दात स्वच्छ होत नाहीत. ती तंबाखूच आहे.

'राबणाऱ्याला शुगर होत नाही', हे खरं का?

पूर्ण खरं नाही. अंगमेहनतीने साखर वापरली जाते आणि इन्सुलिन चांगलं काम करतं, हे खरं. पण शेतीतली मेहनत आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. नांगरट ट्रॅक्टरने, मोटार मोबाइलवरून, शेतावर जाणं दुचाकीवरून. खाणं आणि चहा मात्र तसाच राहिला, उलट वाढला. शिवाय काम हंगामी असतं. सुगीत महिनाभर राबलं आणि उरलेले महिने पारावर बसलं, तर त्या महिन्याची मेहनत वर्षभर पुरत नाही.

शेतकऱ्याला मधुमेहाचा एक धोका शहरातल्या माणसापेक्षा जास्त आहे. तो म्हणजे पायाचा. बरीच वर्षं रक्तात साखर जास्त राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. मग बाभळीचा काटा मोडला, खोडव्यात पाय चिरला, चप्पल चावली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून बघितलं जात नाही. जखम चिघळते, पू होतो, आणि काही वेळा बोट किंवा पाय काढण्याची पाळी येते. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला तर पेरणी, कर्जाचा हप्ता, मुलांचं शिक्षण सगळंच अडतं. म्हणून मधुमेह असलेल्याने अनवाणी शेतात जाऊ नये. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह तळवे बघावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी बघावेत. छोटीशी जखमही दवाखान्यात दाखवावी. हळद, चुना, तंबाखू लावून वाट बघत बसू नये.

डोळे आणि मूत्रपिंड यांच्यावरही मधुमेहाचा परिणाम होतो आणि तोही गुपचूप होतो. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घेणं त्यासाठीच गरजेचं.

गूळ चालतो का? मध? खडीसाखर?

हा गावाकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. गुऱ्हाळावर काहिलीत रस आटवताना मळी काढून टाकली जात नाही, म्हणून गुळात लोह आणि इतर क्षार थोडे राहतात. कोल्हापूरच्या गुळाला तर २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चवीला गूळ सरसच. पण गुळाचा मोठा हिस्सा साखरच असतो आणि कॅलरीही जवळपास तेवढ्याच. गुळाचा चहा प्यायल्यावर रक्तातली साखर वाढतेच. मधुमेह असलेल्याने 'गूळ आहे, चालतो' म्हणून खाऊ नये. मध, खडीसाखर, तपकिरी साखर यांनाही हाच नियम.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. मधात कधीकधी असे जंतू असतात, ज्यांनी तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

आणि 'शुगर फ्री' गोळ्या? वजन कमी करण्यासाठी अशा गोड गोळ्यांवर अवलंबून राहू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. गोडाची सवयच कमी करणं हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग.

पुड्यावरची लपलेली साखर

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. जो घटक जास्त, तो आधी लिहिलेला असतो. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तो पदार्थ गोडच समजावा, मग पुढे हसरं बाळ छापलेलं असो की धावणारा खेळाडू. साखर दुसऱ्या नावांनीही येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज. पोषणाच्या तक्त्यात 'ॲडेड शुगर' असा रकाना असतो. तो १०० ग्रॅमला किती ते बघावं आणि ५ ने भागावं. आलेला आकडा म्हणजे तेवढे चमचे साखर.

दुधात टाकायच्या चॉकलेटी पावडरीतही साखर हा मोठा घटक असतो. अशी पेयं ऑनलाइन विक्रीच्या यादीत 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नयेत, अशी सूचना केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये केली. मुलाला ताकद यावी म्हणून महागडा डबा आणण्यापेक्षा साधं दूध, मूठभर शेंगदाणे, अंडं, उसळ हे कितीतरी स्वस्त आणि सरस. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, ज्यावर कोणत्या खाऊत किती साखर ते मुलांना दिसावं. गावातल्या शाळेतही एका फळ्यावर हे काम सहज होऊ शकतं.

साखर कमी कशी करायची?

एकदम बंद केली तर चार दिवसांत पुन्हा सुरू होते. हळूहळू कमी केलेली टिकते.

• चहाच्या पातेल्यात पडणारी साखर दर आठवड्याला थोडी थोडी कमी करा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. मग जुना चहाच पाकासारखा लागतो.
• कप लहान करा. गावात जायचं, चार घरी चहा होणार असेल, तर त्या दिवशी घरचा एक कप कमी.
• पाहुण्याला बिनसाखरेचा चहा आणि बाजूला साखरेची वाटी द्या. ज्याला जेवढी हवी तेवढी घेईल. कोणी 'बिनसाखरेचा द्या' म्हटलं तर त्याला 'शुगर झाली का?' असं चारचौघांत विचारू नका. या एका प्रश्नामुळे अनेक जण गप्प गोड चहा पितात.
• उन्हात काम करताना थंड पेयाऐवजी ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी, नाचणीची आंबील, माठातलं पाणी.
• संध्याकाळच्या भुकेला बिस्किटांऐवजी फुटाणे, शेंगदाणे, भाजलेलं कणीस, काकडी, गाजर. हंगामात पेरू, बोरं, जांभळं. रस काढण्यापेक्षा फळ चावून खावं.
• सणाचं गोड सणालाच. पुरणपोळी, मोदक, तिळगूळ यांनी कोणाचं बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या गोडाने.
• मुलांच्या वाढदिवसाला शाळेत चॉकलेटांऐवजी पेन्सिल, फळ किंवा चिक्कीचा छोटा तुकडा. मामा-आत्यांनी लाड करताना प्रत्येक वेळी थंड पेयाची बाटली आणू नये.

इथे एक शंका हमखास निघते. आपला जिल्हा उसावर चालतो, मग साखर कमी खा म्हणणं शेतकऱ्याच्या पोटावर पाय नाही का? अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० मध्ये आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्या वाटेने महाराष्ट्रातली कितीतरी गावं उभी राहिली, हे खरंच आहे. पण बाजारातली मोठी साखर शीतपेयं, बिस्किटं, मिठाई करणाऱ्यांकडे जाते आणि कारखाने आता इथेनॉल आणि वीजही बनवतात. ऊस लावणाऱ्याने घरच्या चहात एक चमचा कमी टाकल्याने उसाचा भाव पडत नाही. दवाखान्याचा खर्च मात्र वाचतो.

साखर कधी लगेच द्यावी लागते?

साखर शत्रू नाही. दोन प्रसंगी ती जीव वाचवते.

पहिला प्रसंग, मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अचानक खाली जाते तेव्हा. जेवण चुकलं, उपवास केला, उन्हात जास्त काम झालं की असं होतं. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बडबड ही लक्षणं. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की धोका. माणूस शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी, मग जेवू घालावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. थेट १०८ ला फोन करावा. शेतावर जाताना अशा माणसाच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे.

दुसरा प्रसंग, जुलाब. ओआरएसचं पाकीट मिळालं नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजावं. इथे साखर पाणी आणि मीठ शरीरात ओढून घ्यायला मदत करते. प्रमाण चुकवू नये.

तपासणी कुठे आणि कधी?

जास्त तहान, रात्री वारंवार लघवी, विनाकारण थकवा, वजन उतरणं, धूसर दिसणं, जखम लवकर न भरणं, लघवीच्या जागी खाज ही मधुमेहाची लक्षणं. पण पुष्कळांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासावा. गावातल्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी सरकारी कार्यक्रमातून होते. आशाताई घरी येऊन तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरतात, तेव्हा 'आम्हाला काही नाही' म्हणून परत पाठवू नये.

रिपोर्ट वाचायचा असा:

• उपाशीपोटी साखर: १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता
• ग्लुकोज पाजून दोन तासांनी: १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह
• तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी: ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह

एकाच तपासणीवरून घाबरून जाऊ नये. डॉक्टर सहसा दुसऱ्यांदा तपासून निदान पक्कं करतात. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, तिथे १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. हे पाणी फक्त तपासणीपुरतं असतं, त्याने बाळाला अपाय होत नाही. तपासणी मात्र चुकवू नये.

उंबरठ्यावर असलेल्यांसाठी अजून वेळ गेलेली नाही. वजन थोडं उतरवलं, रोज अर्धा तास भरभर चाललं आणि गोड आवरलं तर पुष्कळांचा मधुमेह टळतो किंवा बरीच वर्षं पुढे ढकलला जातो. ज्यांना आधीच औषधं सुरू आहेत, त्यांनी साखर कमी केली म्हणून मनाने गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नये. 'आठ दिवसांत शुगर मुळापासून बरी' असं सांगणाऱ्या पुड्यांच्या नादी लागू नये. लहान मुलांना होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह तर गोड खाल्ल्याने होतच नाही आणि त्यात इन्सुलिन हेच औषध. ते थांबलं तर मूल दगावू शकतं. अशा मुलाच्या आईला 'तूच गोड खाऊ घातलंस' असं बोलणं चुकीचं आणि अन्यायाचं आहे.

थोडक्यात

• मोठ्या माणसाला दिवसाला ५ ते ६ चमचे साखर पुरे, १० च्या वर नको.
• पाच जणांच्या घरात साखर आणि गूळ मिळून महिन्याला पावणेचार किलोच्या आसपास ठेवा.
• गूळ आणि मध हीदेखील साखरच.
• थंड पेयं सगळ्यात आधी कमी करा, मग चहातली साखर.
• तिशीनंतर वर्षातून एकदा तपासणी. मधुमेह असेल तर रोज रात्री पाय बघा.
• गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात साखरेची पुडी हवीच.

पुढच्या वेळी किराण्याची यादी लिहाल तेव्हा साखरेपुढचा आकडा लिहिताना क्षणभर थांबा. मागच्या महिन्यापेक्षा तो अर्ध्या किलोने जरी कमी लिहिला, तरी सुरुवात झाली.